बाई हिशेब मागते, पत्रे तिची चाल मोजतात

पंधरवड्यापूर्वी आमच्या कचेरीत जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका गावाहून बातमीचे टिपण आले. वार्ताहर आमचा जुना, शेतकऱ्याचाच मुलगा, कोणाचा मिंधा नसलेला. टिपण दहा ओळींचे. पहिल्या दोन ओळींत मजकूर असा की, ग्रामसभेत एका बाईने उभे राहून तेंदूपत्त्याच्या बोनसचा हिशेब मागितला व त्यावरून गलका झाला. पुढल्या आठ ओळी त्या बाईविषयी. ती नवऱ्यापासून वेगळी राहते. तिच्याकडे नागपूरची माणसे येतात. ती रात्री उशिरा कोणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून परत येते. ‘त्या’ लोकांशी तिचा संबंध असावा, अशी गावात कुजबुज आहे. संपले टिपण. पुडके किती मोजले गेले, रक्कम किती आली, पैसा कोणाच्या हाती आहे, विचारल्यावर उत्तर काय मिळाले, ह्यांतले एक अक्षर त्यात नाही.

खरे ते सांगावे. हे टिपण आम्ही जुळणीला दिले होते. आमच्यातील एकाने तर मथळाही सुचविला, आणि तो कसा होता हे येथे लिहिण्याची आम्हांस लाज वाटते. संगणकावर अक्षरे जुळविणारी आमच्याकडची मुलगी दोनदा ते वाचून म्हणाली, “भाऊ, हिशोबाचं काय झालं, ते तर यात नाहीच.” त्यावर आमच्यापैकी कोणालाही बोलता आले नाही. टिपण छापले नाही. परंतु त्या मुलीने विचारले नसते तर ते छापून तुमच्या घरी आले असते, व तुम्ही ते चावडीवर मोठ्याने वाचूनही दाखविले असते. म्हणून ह्या अंकात हा विषय घेतला आहे.

वाचकहो, ही खोड आजची नाही. छापखाना मराठीत आला आणि थोड्याच काळात ती छापखान्याला लागली. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपले नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात ती शिक्षा उतरली. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिच्या पोटी मूल येण्यास कारण झालेल्या पुरुषाचे नावही घ्यायचे नाही, आणि मग सगळ्या बायकांच्या नीतीवर अग्रलेख लिहायचे, असा प्रकार तेव्हाच्या काही पत्रांनी आरंभिला. ‘पुणे वैभव’ हे त्यांपैकी एक. त्याला उत्तर दिले आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी. मराठ्याच्या घरची बाई, सत्यशोधक समाजाच्या वळणात वाढलेली, बाप डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे लहानसे पुस्तक त्यांनी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापविले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सगळा दोष बायकांच्या माथी मारणाऱ्या पुरुषांनो, तुमच्या अंगचे दुर्गुण मोजायला बसलो तर वही पुरेल काय, असा त्यांचा सवाल.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही सत्यशोधकी परंपरेचे लोक मोठ्या अभिमानाने सांगत असतो. पुढची सांगत नाही. ती अशी की, ताराबाईंचे पुस्तक निघाल्यावर त्याची टर भटशाहीच्या पत्रांनीच उडविली असे नव्हे. आपल्याच चळवळीतल्या लिहिणाऱ्यांनाही ते पचले नाही. जोतीरावांना १८८५ साली ‘सत्सार’ काढून आपल्याच माणसांना फटकारावे लागले. त्यांनी ताराबाईंस ‘चिरंजीविनी’ म्हटले, म्हणजे पोटच्या लेकीप्रमाणे मानले. ताराबाईंनी मात्र त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही. पुस्तकही विस्मरणात गेले. ते पुन्हा छापून लोकांसमोर आले ते १९७५ साली. नव्वदांहून अधिक वर्षे! एका बाईचा आवाज इतकी वर्षे गाडला गेला, त्यात आपल्या मंडळींच्याही फावड्याचा वाटा आहे. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुण्यात मेळ्यांचे रण माजले तेव्हा आपल्या मेळ्यांच्या पदांतून ब्राह्मण बायकांविषयी जे गायिले गेले, तेही चळवळीला भूषण देणारे नव्हते. शत्रूची असली म्हणून बाईची अब्रू हे काही लढाईचे मैदान होत नाही. ह्या गोष्टी आपण आपल्या तोंडाने बोलल्या पाहिजेत, नाही तर दुसऱ्याच्या पत्राकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

रखमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकांत ‘डॉक्टर’ म्हणून येते. त्या सुताराच्या जातीतल्या होत्या हे आपल्या कारागीर घरांनी ध्यानात ठेवावे. अकराव्या वर्षी लग्न झाले, त्या नवऱ्याच्या घरी कधी नांदल्या नाहीत. १८८४ साली त्याने नांदायला येण्याचा दावा केला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी बाईच्या बाजूने निकाल दिला आणि पत्रांतून वादळ उठले. अपिलात तो निकाल टिकला नाही. १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांच्या ‘केसरी’ने व ‘मराठा’ने त्यांच्या विरुद्ध बाजू घेतली, इंग्रजी शिकलेल्या बायका अशाच बिघडणार, हा तेव्हाच्या पुष्कळ लिखाणाचा सूर होता. नवऱ्याने तर पुस्तिकाच छापून त्यांच्या माहेरच्या माणसांची उणीदुणी काढली. रखमाबाईंनी त्याला वर्तमानपत्रातूनच उत्तर दिले. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि नोकरी धरली ती सुरतेत, त्याच विजयालक्ष्मीच्या मुलखात. लहान वयात, तिला न विचारता लावलेले लग्न बाईला बांधते काय, हा त्यांचा प्रश्न होता. पत्रांनी चर्चा केली ती बाई गर्विष्ठ आहे काय, तिला कोणी फितविले, ह्याची.

आता आपल्या दारी येऊ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला, पण तेथले सुखदुःख आजही आपलेच आहे. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी आपल्या तिरोड्याहून काही दूर नाही. तेथे २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलगे रोशन व सुधीर ह्या चौघांस जमावाने मारले व प्रेते कालव्यात टाकली. घरधनी भैयालाल तेवढे वाचले. ह्या घराची थोडी जमीन होती. तिच्यातून वाट काढण्यावरून तंटा होता. सुरेखाबाई तो तंटा नेटाने लढत होत्या व मुलांना शिकवीत होत्या. त्या घराला आधार देणाऱ्या शेजारगावच्या एका गृहस्थास त्याच महिन्याच्या आरंभी मारहाण झाली. मारणारे कोण, हे सुरेखाबाईंनी पोलिसांपुढे सांगितले. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी ही हत्या झाली.

जमीन राखणारी आणि खरी साक्ष देणारी दलित बाई. मानवी हक्कांची राखण करणारी म्हणतात ती आणखी निराळी कोण असते? तिच्याजवळ संस्थेचा बिल्ला नव्हता, एवढेच. आणि पत्रांनी काय केले? चार माणसे गेली तरी पहिले कित्येक दिवस बातमी आतल्या पानांत पडून राहिली. आणि जी आली तिच्यात ‘अनैतिक संबंध’ हे दोन शब्द ठळक होते. ज्या गृहस्थासाठी तिने साक्ष दिली त्याच्याशीच तिचे नाव जोडण्यात आले. मेलेली बाई उत्तर द्यायला येत नाही, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक असते. ह्या दोन शब्दांनी केवढे काम केले पाहा. जमिनीचा तंटा गेला, साक्ष गेली, जात गेली. उरले गावच्या लोकांचा ‘नीतीसाठी’ उडालेला भडका. वाचणाऱ्याने मान हलविली आणि पान उलटले.

नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले तेव्हा कोठे देशाला खैरलांजी कळली. नागपुरास, अमरावतीस, गावोगाव मोर्चे निघाले, त्यांत बायका पुष्कळ. तर तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी ह्या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचा संशय बोलून दाखविला, व तो पत्रांनी छापला. म्हणजे मेलेली बाई बदचाल आणि तिच्यासाठी रडणाऱ्या बायका नक्षलवादी. दोन शिक्के, आणि दोन्ही थोड्याच काळात! भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांस दोषी धरून सहांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. जातीय अत्याचाराचा कायदा मात्र लागू झाला नाही. ह्या हत्येस जात कारण आहे असे न्यायालयांनी धरले नाही. पहिल्या दिवसांत पत्रांनी जी कथा रचली तिचा ह्या पुढल्या गोष्टींवर काही परिणाम झाला की नाही, ते वाचकांनीच ठरवावे. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले.

आणि येथे आमच्या वाचकांस कडू लागेल ते सांगतो. खैरलांजीचे मारेकरी भटजी नव्हते, शेटजी नव्हते. आपल्याच शेतकरी जातींतले, धानाच्या बांधीत राबणारे होते. ‘ती बाई तसलीच’ हे वाक्य पत्रात जाण्याआधी आपल्या ओसरीवर बोलले गेले होते. पत्राने ते उचलले व त्याला शाई लावली, इतकेच.

दुसरा शिक्का, जंगलवाल्यांचा, आपल्या सालेकसा-देवरीकडील लोकांस नव्याने समजावयास नको. ह्या मुलखात त्या एका शब्दाने माणसाचे घर बसते. गोंदियाहून गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा करीत बोगद्यातून निघाली की डोंगरगड येते, पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. आपली कितीतरी माणसे ह्या गाडीने भिलाईस कामाला गेली. त्या भिलाईत व दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांनी मजुरांची संघटना बांधली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांना झोपेत गोळी घातली गेली. त्याच संघटनेत सुधा भारद्वाज नावाच्या बाई आल्या. जन्म अमेरिकेतला, शिक्षण कानपूरच्या आय.आय.टी.तले, ते नागरिकत्व सोडून त्या मजुरांच्या वस्तीत राहिल्या, पुढे वकिलीची सनद घेऊन कंत्राटी कामगारांचे व जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे खटले बिलासपूरच्या हायकोर्टात चालवू लागल्या. कामगाराला कायद्याने ठरलेली मजुरी का मिळत नाही, हे त्या विचारीत.

जुलै २०१८ मध्ये ‘रिपब्लिक’ ह्या दूरचित्रवाहिनीने त्यांच्या नावाचे एक पत्र असल्याचे सांगून त्यांचा संबंध माओवाद्यांशी जोडला. बाईंनी लगेच लेखी सांगितले की पत्र बनावट आहे. ते कोण ऐकतो! रात्री नऊ वाजता जे ओरडून सांगितले जाते ते घराघरांत पोचते, दुसऱ्या दिवशीचा खुलासा कोपऱ्यात राहतो. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना अटक झाली. तीन वर्षांहून अधिक काळ येरवडा व भायखळ्याच्या तुरुंगात काढून डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या. त्याच प्रकरणात नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकविणाऱ्या शोमा सेन ह्या ६ जून २०१८ पासून आत होत्या. त्यांना सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२४ रोजी जामीन दिला, आणि दहशतवादी कृत्याचा आरोप सकृद्दर्शनी खरा मानावा असे काही आपल्यापुढे नाही, असे म्हटले. जवळजवळ सहा वर्षांनी. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. ह्या बायका दोषी की निर्दोष हे न्यायालयाने सांगायचे आहे, आम्ही सांगत नाही. पण वाहिन्यांनी ते एका रात्रीत सांगून टाकले होते, आणि त्या वाहिन्यांना त्याबद्दल एक रात्रही आत काढावी लागली नाही.

पत्रे असे का करतात? नुसती मनाची घाण म्हणून सोडून देता येत नाही. पोटाची गोष्टही आहे. तालुक्याच्या वार्ताहरास बहुधा पगार नसतो, असला तर नावापुरता. त्याने जाहिराती आणायच्या व त्यांवर टक्के घ्यायचे. जाहिरात कोण देतो? कंत्राटदार देतो, पुढारी वाढदिवसाला देतो, गिरणीवाला दिवाळीला देतो. गुन्ह्याची बातमी येते पोलिसांच्या टिपणातून. आता ज्या बाईने हिशेब मागितला तो ह्यांच्यापैकीच कोणाचा तरी असतो! तिच्या प्रश्नाची बातमी केली तर जाहिरात जाते. तिच्या चालीची केली तर जाहिरातही राहते आणि अंकही खपतो. आता हाताहातांत फोन आल्यापासून वार्ताहरही लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये तर काही शिकल्यासवरल्या पोरांनी मुसलमान पत्रकार व सामाजिक कार्यकर्त्या बायकांची छायाचित्रे चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारे ॲप काढल्याचे उघड झाले. त्या बायकांनी केलेला गुन्हा एवढाच की त्या बोलत होत्या.

काही गृहस्थ म्हणतील, सार्वजनिक कामात पडले की टीका आलीच, बाई असली म्हणून तिला कोणी बोलू नये की काय? बोला की! तिने संस्थेचा पैसा खाल्ला असेल तर जमाखर्च मागा. तिने खोटी तक्रार केली असेल तर कागद पुढे करा. तिचा विचार चुकीचा असेल तर खोडून काढा. ताराबाईंनी पुरुषांवर कमी टीका केली काय? पण तिला रात्री कोणी घरी सोडले, हा कोणत्या जमाखर्चाचा भाग आहे? आमच्या जिल्ह्यातला एकही पुढारी रात्री कोणाच्या मोटारीतून उतरला, अशी बातमी आम्ही इतक्या वर्षांत वाचलेली नाही, आणि ते सारे पायी फिरतात असेही नाही.

जगाने ह्याचा विचार केला नाही असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९८ च्या डिसेंबरात हक्कांसाठी झटणाऱ्या माणसांच्या संरक्षणाचा जाहीरनामा केला, आणि २०१३ च्या डिसेंबरात अशा स्त्रियांसाठी निराळा ठराव केला, कारण पुरुषावर हल्ला होतो तो त्याच्या कामावरून, बाईवर होतो तो तिच्या अब्रूवरून व लेकराबाळांवरून. ठराव चांगला आहे. पण तो चिचगडच्या बाजारात कोणी वाचून दाखविणार नाही. आपल्याकडे भारतीय प्रेस कौन्सिल आहे. पत्राने बदनामी केली तर आधी संपादकास लेखी कळवावे, दाद न मिळाल्यास छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे अर्ज करावा. वकील लागतोच असे नाही. कौन्सिल पत्रास समज देते, ताशेरे ओढते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही, आणि दूरचित्रवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. दात नसलेला का होईना, दरवाजा आहे, आणि तो ठोठावलेला कोठेतरी नोंदला जातो. आमच्या ह्या पत्राविरुद्धही तो ठोठावता येतो, हे आम्ही येथे मुद्दाम छापीत आहोत.

घरातल्या बायांना आमची एक विनंती आहे. तेंदूपत्ता तुम्ही तोडता, पुडके तुम्ही बांधता, रोवणीत कमरेचा काटा तुमचा मोडतो, बिड्या तुमच्या बोटांनी वळल्या जातात. उद्या तुमच्यातलीच एखादी उभी राहून हिशेब मागेल आणि संध्याकाळी फोनवर तिच्याविषयी काहीबाही फिरू लागेल. ते पुढे पाठविण्याआधी घरातल्या पुरुषाला एवढेच विचारा की, तिने विचारले काय होते? त्याला सांगता आले नाही तर समजा की बातमी खाऊन कोणीतरी टरफल तेवढे त्याच्या हाती दिले आहे.

आमच्या वार्ताहरास ते टिपण आम्ही परत पाठविले आहे. ह्या हंगामात ग्रामसभेने किती पुडके मोजून घेतले, ठेकेदाराकडून काय दराने किती रक्कम आली, घरटी वाटप किती झाले व शिल्लक कोणत्या खात्यात आहे, हे विचारून लेखी आणावे, न दिल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा, असे कळविले आहे. तो प्रथम रागावला. काल त्याचा फोन आला. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी वही पुढल्या आठवड्यात दाखवितो म्हटले आहे. बाईचे नाव छापावे की नाही, हे तिला विचारूनच ठरेल. वहीतले आकडे हाती आले की ते जसेच्या तसे, पहिल्या पानावर येतील.